दिसले, लागले, असावे : इनामगावच्या दहा पंक्तींवर भाष्य

इंग्रजी उत्खनन-अहवाल मराठीत आणताना अनुवादकाची कसोटी पारिभाषिक शब्दांत फारशी लागत नाही. स्तर, दफनकुंभ, ताम्रपाषाणयुग हे शब्द आता रुळले आहेत. कसोटी लागते ती साध्या क्रियापदांत. अशा अहवालात जवळजवळ प्रत्येक गोष्ट कोणाला तरी दिसलेली, जाणवलेली किंवा वाटलेली असते, आणि तो ‘कोणी तरी’ वाक्यात कुठेच नसतो. इंग्रजी हे काम कर्मणी रचनेवर सोपवते : ‘वॉज सीन’, ‘वॉज फाउंड’, ‘वॉज नोटिस्ड’, ‘इज बिलिव्हड’. ती रचना तशीच उचलली की मराठीत ‘पाहिले गेले’, ‘शोधले गेले’, ‘जाणवले गेले’ अशी वाक्ये येतात. ती कानाला खटकतात, हे सगळेच सांगतात. माझा आक्षेप अधिक गंभीर आहे : अशा वाक्यांत पुरावा आणि तर्क यांच्यातली सीमा पुसली जाते. अहवाल वाचायचा तो याच सीमेसाठी.

उदाहरणाला शिरूर तालुक्यातले इनामगाव घेतले आहे. घोड नदीच्या काठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत इथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. सविस्तर इंग्रजी अहवाल १९८८ साली निघाला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे अशी तीन टप्प्यांची शेतकरी वस्ती इथे उजेडात आली. खालच्या दहा पंक्ती मात्र त्या अहवालातल्या नाहीत. भाष्यासाठी मी त्या स्वतः रचल्या आहेत : मजकूर इनामगावचा, वाक्यांचा साचा इंग्रजी अहवालांचा, आणि अनुवाद जसा घाईत होतो तसा, शब्दाला शब्द लावून केलेला.

१. घोड नदीच्या उजव्या काठावर पांढऱ्या मातीचे एक टेकाड पाहिले जाऊ शकते.

मुळातली रचना ‘कॅन बी सीन’. तिथला ‘कॅन’ सामर्थ्य सांगत नाही. टेकाड तिथे आहे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेस पडते, एवढेच त्याचे म्हणणे. मराठीत ‘टेकाड दिसते’ म्हटले की काम झाले. ‘पाहिले जाऊ शकते’ या तीन क्रियापदांच्या माळेतून भलताच अर्थ निघतो : पाहायला बंदी नाही, किंवा वेळ काढून गेलात तर पाहता येईल.

अनुवादकाचा हात ‘पाहणे’कडे का जातो, हे समजण्यासारखे आहे. त्याला कर्मणी रूप करायचे असते, आणि ‘दिसणे’ अकर्मक असल्याने त्याचे कर्मणी होत नाही. म्हणून तो सकर्मक ‘पाहणे’ उचलतो. पण ‘पाहणे’ म्हणजे नजर लावणे. त्यात पाहणाऱ्याची इच्छा आणि प्रयत्न आला. ‘दिसणे’ला इच्छा लागत नाही. टेकाडाकडे पाठ करून निघालेल्याला ते वळणावर अचानक दिसू शकते.

‘दिसणे’चा इतिहास पाहिला तर हा सारा खटाटोप अनाठायी ठरतो. संस्कृत ‘दृश्यते’ हे कर्मणी रूप. त्यावरून प्राकृतात ‘दिस्सइ’, ‘दीसइ’ आणि मराठीत ‘दिसे’, ‘दिसते’. म्हणजे ‘इज सीन’ला हवा असलेला कर्मणी मराठीच्या या एका धातूत आधीच जिरलेला आहे. त्यावर ‘गेले’ची भर घालणे म्हणजे कर्मणीवर पुन्हा कर्मणी चढवणे.

‘पाहणे’चेही जुने कर्मणी रूप मराठीत होते. ‘-इजे’ प्रत्ययाची ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ ही रूपे ज्ञानेश्वरीच्या वाचकाला परिचित आहेत. व्याकरणात त्यांना पुराण कर्मणी म्हणतात. ‘पाहिजे’ त्याच घराण्यातले. त्याचा मूळ अर्थ ‘पाहिले जाते’, पण पुढे भाषेने त्याला गरज आणि कर्तव्य सांगण्याच्या कामी लावले. ‘म्हणिजे’चेही ‘म्हणजे’ झाले आणि ते वाक्ये जोडू लागले. पाहण्या-म्हणण्याची जुनी कर्मणी रूपे अशी दुसऱ्या कामाला गेली, आणि नजरेस पडण्याचे सगळे ओझे ‘दिसणे’ने उचलले. आज आपण ‘पाहिले जाते’ लिहितो तेव्हा शेकडो वर्षांपूर्वी दुसरीकडे गेलेला अर्थ पुन्हा जुन्या जागी ओढून आणत असतो.

‘पांढऱ्या मातीचे टेकाड’ हेही बदलायला हवे. शेतजमीन ती काळी आणि गाववस्ती ती पांढरी, हा भेद आपल्या खेड्यांत जुना आहे. वर्षानुवर्षांच्या राखेने आणि पडलेल्या भिंतींच्या मातीने जुन्या वस्तीची जागा पांढुरकी होते. म्हणून पाठ असा : ‘घोडच्या उजव्या काठावर पांढरीचे टेकाड दिसते.’

२. सर्वांत खालच्या थरात माळवा पद्धतीची खापरे शोधली गेली.

‘वॉज फाउंड’. या पंक्तीवर थांबावे तितके थोडे, कारण इंग्रजीच्या एका क्रियापदासमोर मराठी निदान पाच क्रियापदे ठेवते आणि पाचांचा पुरावा पाच प्रकारचा असतो.

आधी ‘शोधली गेली’ बाजूला ठेवू. ‘शोधणे’ हा प्रयत्न आहे. फळाची हमी त्यात नाही. दिवसभर शोधूनही वस्तू सापडत नाही. खापरे शोधली गेली, एवढ्यावरून ती मिळाली की नाही हे कळतच नाही.

आता खणणाऱ्यांची भाषा ऐकावी. जमिनीतून वस्तू वर आली की ‘निघाली’ : विहीर खणताना मुरूम निघतो, नांगराला जुने नाणे निघते. कुदळ एखाद्या अचल गोष्टीला भिडली की ‘लागली’ : पाणी लागले, कातळ लागला, भिंत लागली. हे ‘लागणे’ स्पर्शाचे क्रियापद आहे. डोळ्याला दिसण्याआधी हाताला कळते, ते या क्रियापदाने नोंदले जाते. चोपलेली जमीन, चुलीचा कट्टा, भिंतीचा पाया यांना ‘लागणे’च शोभते. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात, जिथे विहिरीला पाणी कितव्या पुरुषावर लागले हा घराघरातला विषय आहे, तिथे हे क्रियापद रोजच्या जिभेवर असते. पुरातत्त्वाच्या मराठीने ते संकोचाने बाहेर ठेवले, याचे मला वाईट वाटते.

‘सापडणे’त शोध, हरवणे आणि योगायोग येतो. ‘मिळणे’त वस्तू हाती येऊन ताब्यात राहते, म्हणून संग्रहालयात गेलेल्या वस्तूंना ते बसते. ‘आढळणे’ सर्वांत अलिप्त. ते एका वस्तूपेक्षा वस्तूंच्या आढळाविषयी, प्रमाणाविषयी आणि विस्ताराविषयी बोलते. इनामगावात गहू, जव, तांदूळ, कडधान्ये आणि तीळ यांचे अवशेष आढळतात. मात्र एखाद्या विशिष्ट घरात कोळसा झालेले धान्य सापडते.

प्रस्तुत पंक्तीत खापरांचा प्रकार आणि त्यांचा थर यांची सांगड घालायची आहे. तेव्हा ‘आढळली’ योग्य : ‘सर्वांत खालच्या थरात माळवा पद्धतीची खापरे आढळली.’ वाक्य खड्ड्याच्या रोजनिशीतले असते तर मी ‘निघाली’ लिहिले असते.

३. घरांच्या भिंती कुडाच्या असल्याचे निरीक्षण केले गेले.

‘इट वॉज ऑब्झर्व्हड’. ‘निरीक्षण करणे’ ही चालणारी क्रिया आहे. वर्षभर पावसाचे निरीक्षण करता येते. भिंती कुडाच्या ‘असल्याचे’ निरीक्षण करता येत नाही. इंग्रजी क्रियापदात न्याहाळणे आणि न्याहाळून ध्यानात येणे असे दोन अर्थ आहेत, आणि अनुवादकाने नको तो उचलला.

इथे ‘दिसून आले’ हवे. ‘दिसले’ आणि ‘दिसून आले’ यांत मोठा फरक आहे. रस्त्यात माणूस दिसतो, तो ‘दिसून येत’ नाही. तपासाअंती जे स्पष्ट होते ते दिसून येते. कूड तर केव्हाच कुजून गेला. उरले ते खांबांचे खळगे आणि लिंपणाचे ढेपळे. त्यांच्या रांगा जुळवल्यावर भिंत ध्यानात आली. डोळ्याचा आणि डोक्याचा असा दुहेरी व्यवहार ‘दिसून येणे’ नेमका सांगते. त्याला आधाराची जोड मात्र द्यावी : ‘भिंती कुडाच्या होत्या, हे खांबांच्या खळग्यांवरून दिसून आले.’ इंग्रजीने जो पाहणारा गाळला, त्याच्या जागी मराठीत हा ‘वरून’ येतो. हा बदल फायद्याचा आहे, कारण वाचकाला पाहणाऱ्याच्या नावापेक्षा पाहण्याचा आधार अधिक उपयोगी.

दुसरा मार्ग सरकारी मराठीचा : ‘निरीक्षण करण्यात आले’. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानंतर मराठी राज्यकारभाराची भाषा म्हणून पसरली, आणि ‘-ण्यात येणे’ ही रचना परिपत्रका-परिपत्रकात दिसू लागली. तिला सरसकट नावे ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. ‘माझ्या पाहण्यात आले’, ‘ऐकण्यात आले’, ‘वाचनात आले’ हे घरगुती प्रयोग तिचेच नातलग आहेत. इंद्रियांच्या बाबतीत ही रचना अस्सल मराठी आहे, फक्त तिला ‘माझ्या’, ‘आमच्या’ असा धनी लागतो. ‘उत्खननकर्त्यांच्या असे पाहण्यात आले’ चालेल. धनी गाळून नुसते ‘पाहण्यात आले’ लिहिले की ते कार्यालयीन आदेशासारखे वाटते.

पाहणाऱ्याला वाक्यात जागा कशी द्यायची, याचा विचार इथेच करू. ‘पाहिले गेले’त तो आणायचा तर ‘कडून’ लागतो : ‘संशोधकांकडून पाहिले गेले’. रावण रामाकडून मारला गेला, या शालेय उदाहरणामुळे हा प्रयोग सर्वांच्या ओळखीचा आहे. व्याकरणाची पुस्तके त्याला नवीन कर्मणी म्हणतात आणि इंग्रजी वळणाशी त्याचे नाते जोडतात. ‘दिसणे’ला ‘कडून’ लागत नाही. त्याला ‘ला’ लागतो : मला दिसते, मला वाटते, मला कळते, मला आठवते, मला ऐकू येते. मराठीत अनुभव घेणारा माणूस त्या क्रियेचा कर्ता नसतो. अनुभव त्याच्याकडे चालत येतो. हा ‘ला’ नसला तरी वाक्य पूर्ण असते आणि असला तरी जड होत नाही. इंग्रजीला पाहणारा झाकण्यासाठी वाक्याचा प्रयोगच बदलावा लागतो, मराठीत एक शब्द ठेवला किंवा काढला की झाले.

ही सोय आपल्यापुरती नाही. युक्रेनी भाषेतही असाच प्रकार आहे. तिथे ‘विद्नो’ म्हणजे दिसते आणि ‘चूती’ म्हणजे ऐकू येते. दोन्ही शब्द कर्त्यावाचून उभे राहतात, आणि पाहणारा सांगायचाच असेल तर तो चतुर्थीत येतो. ‘मेनी विद्नो’ म्हणजे शब्दशः ‘मला दिसते’, ‘मेनी ज्दायेत्स्या’ म्हणजे ‘मला वाटते’. इंग्रजीतून युक्रेनीत अनुवाद करणाऱ्यालाही ‘वॉज सीन’ समोर आले की हाच निर्णय घ्यावा लागतो, आणि तिथले भाषाविचारकही कर्ता तृतीयेत ठेवून केलेल्या कर्मणी वाक्यांपासून जपायला सांगतात. घोडच्या काठापासून नीपरच्या काठापर्यंत अनुवादकांची अडचण एक आणि तिच्यावरची वाटही एकच असावी, याचा मला मनापासून आनंद होतो.

४. पाच खोल्यांचे घर वस्तीच्या मुखियाचे असल्याचे मानले जाते.

‘इज बिलिव्हड टू हॅव बिलॉन्गड’. ‘मुखिया’ हिंदी आहे, ‘प्रमुख’ म्हणावे. ‘पाटील’ हा शब्द शिरूरच्या वाचकाला जवळचा वाटेल, पण त्याला वतनाचा इतिहास आहे. तीन हजार वर्षे मागे तो नेऊ नये.

खरा प्रश्न ‘मानले जाते’चा आहे. ‘मानणे’त श्रद्धा आहे, संकेत आहे, समाजाची संमती आहे. देव मानतात, वडीलधाऱ्यांना मानतात, शकुन मानतात. पुरातत्त्वज्ञ घराला प्रमुखाचे ‘मानत’ नाही, तसा तर्क करतो. वस्तीच्या मधोमध असलेले हे घर इथल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक आहे, धान्याचे कोठार त्याला लागून आहे, आणि अंगणात एक असामान्य दफन आहे, ज्याचा विचार पुढच्या पंक्तीत येईल. या खुणा एकत्र ठेवून कोणी एक निष्कर्ष काढला. ‘मानले जाते’ म्हणताच तो निष्कर्ष लोकसमजुतीच्या रांगेत जाऊन बसतो. एनसीईआरटीच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाने हीच माहिती देऊन मुलांना प्रश्न केला होता, की हा माणूस प्रमुख असेल का. तो प्रश्न प्रामाणिक होता. ‘मानले जाते’ अशा प्रश्नाचे दार बंद करते.

या जागेसाठी मराठीत एक प्रत्यय आहे, तो म्हणजे विध्यर्थाचा ‘-आवा’ : ‘हे घर वस्तीच्या प्रमुखाचे असावे.’ ‘असावे’ला कर्मणी लागत नाही, मानणारा लागत नाही, ‘असे’, ‘की’, ‘चे’ यांचा पसारा लागत नाही. बोलणारा तर्काची जबाबदारी स्वतःवर घेतो आणि त्याच श्वासात सांगतो, की हा तर्क आहे. ‘आहे’ म्हणजे पाहिले, ‘असावे’ म्हणजे पुराव्यावरून जुळवले, ‘असेल’ म्हणजे नुसता अंदाज, ‘असू शकेल’ म्हणजे शक्यता नाकारत नाही. या चार पायऱ्या शाळकरी पोरही चुकवत नाही. इंग्रजीत त्यांच्यासाठी ‘इज बिलिव्हड’, ‘इज थॉट’, ‘अपिअर्स’, ‘इज प्रिझ्युम्ड’ अशी इंद्रिय-मनाची क्रियापदे खर्ची पडतात. अनुवादकाने ती क्रियापदे मोजत न बसता पायरी ओळखावी. अहवालांच्या अनुवादातून शंभर ‘मानले जाते’ काढून तिथे ‘असावे’ घातले तर नव्वद ठिकाणी मूळ लेखक अधिक नेमका वाचला जाईल, असे माझे ठाम मत आहे.

५. अंगणात, चार पायांच्या रांजणात, एक पुरुष मांडी घालून बसलेला पाहिला गेला.

‘वॉज सीन सीटेड’. हे इनामगावचे सर्वांत प्रसिद्ध दफन. मातीचा मोठा चार पायांचा कुंभ आणि त्यात मांडी घातलेल्या स्थितीतला माणूस.

कर्मणीपेक्षा इथे ‘बसलेला’ अधिक फसवतो. जिवंत माणूस बसतो, मृताला बसवतात. इंग्रजी ‘सीटेड’मध्ये दोन्ही अर्थ मावतात, मराठीला निवड करावीच लागते, आणि ‘बसवलेला’ लिहिताच त्या अंगणात जमलेली माणसे वाक्यात येतात. कोणी तरी ते शरीर ताठरण्यापूर्वी मांडी घालून आत ठेवले. प्रयोजक रूपाच्या एका ‘व’ने हे सारे सांगितले. त्या कर्त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, आणि मराठी ती मागतही नाही.

‘पुरुष’ही सैल आहे. खणताना दिसला तो सांगाडा. तो पुरुषाचा होता हे हाडांच्या अभ्यासाने ठरले. डोळ्याने दिसलेले आणि प्रयोगशाळेत कळलेले एका क्रियापदाखाली ढकलू नये : ‘अंगणात चार पायांच्या कुंभात मांडी घालून बसवलेला सांगाडा सापडला, तो पुरुषाचा आहे.’ शब्द थोडे वाढले, ते वाढू द्यावेत.

‘वॉज सीन’नंतर जेव्हा चालू असलेली क्रिया येते, तेव्हा मात्र मराठीला काहीच कष्ट नाहीत. शिरूरच्या उसात बिबट्यांचा वावर वाढल्यापासून ‘बिबट्या रस्ता ओलांडताना दिसला’ हे वाक्य या भागात वारंवार ऐकू येते. ‘ओलांडत असल्याचे पाहिले गेले’ असे घाबरलेला माणूस म्हणत नाही, आणि बातमीदारानेही लिहू नये.

६. काही प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडले गेल्याचे लक्षात घेतले गेले.

‘वॉज नोटिस्ड’. ‘लक्षात घेणे’ म्हणजे हिशेबात धरणे, ‘लक्षात येणे’ म्हणजे ध्यानी येणे. इथे दुसरे हवे.

‘तोडले गेले’ला मात्र मी चूक म्हणणार नाही. ‘जाणे’ लावून केलेला कर्मणी सगळाच परका नाही. लढाईत माणूस मारला जातो. कर्ता अज्ञात, क्रिया खरोखर घडलेली आणि भोगणारा समोर असेल, तर हा प्रयोग चपखल बसतो. पाय तोडणे ही कोणाच्या तरी हाताने झालेली क्रिया आहे. दिसणे, वाटणे, जाणवणे यांत हाताचे काम नाही. एकाच वाक्यात एक ‘गेले’ चालते आणि दुसरे चालत नाही, ते या कारणाने. ‘तोडलेले होते’ असा पर्यायही आहे. त्यात क्रिया मागे पडून तिचा परिणाम पुढे येतो, आणि खड्ड्यात उभ्या असलेल्याला परिणामच दिसतो, म्हणून मी तो निवडीन : ‘काही प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते, हे लक्षात आले.’

७. मृताने चालत जाऊ नये म्हणून असे केले गेले, असे म्हटले जाते.

‘इट इज सेड’. हे कानाचे वाक्य आहे. ‘म्हटले जाते’ऐवजी ‘म्हणतात’ पुरे. या ‘म्हणतात’ला कर्ता नसतो आणि कोणी विचारतही नाही. याहून हलका बोलीतला ‘म्हणे’ : ‘पाय तोडत, म्हणे.’ ऐकीव माहितीवर एका अव्ययाची खूण करण्याची ही सोय अतिशय मोलाची आहे. अहवालाच्या भाषेला तेवढी ती सैल पडते.

पण म्हणतात कोण? इथे अभ्यासक, हे स्पष्ट करायला हवे : ‘मृताने उठून चालत जाऊ नये म्हणून असे करत असावेत, असे काही अभ्यासकांना वाटते.’ लोकांचे म्हणणे आणि अभ्यासकांचे मत यांना एकच ‘म्हटले जाते’ लावले की वाचकाची फसगत होते. शिरूरमध्येच याचे उलट उदाहरण आहे. १८०९ साली वारलेल्या कर्नल विल्यम वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याचे थडगे तिथे आहे. परिसरातले लोक त्याला सत्पुरुष मानतात आणि सुगीत धान्याचा नैवेद्य दाखवतात, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे. तिथे ‘मानतात’ पूर्णपणे बरोबर, कारण तिथे श्रद्धाच आहे, आणि मानणारे हात जोडून समोर उभे आहेत. तेच क्रियापद पाच खोल्यांच्या घराला लावले की चुकते.

ऐकण्याविषयी आणखी थोडे. ‘ऐकले गेले’ हे ‘पाहिले गेले’चे जुळे भावंड आहे. दौंड जंक्शनवर गाडीची शिटी ‘ऐकली जात’ नाही, ती ऐकू येते. जाणूनबुजून कान दिला असेल तेव्हाच ‘ऐकली’. न्यायालयात बाजू ऐकून घेतली जाते, ते योग्य. कारण तिथे ऐकणे हे नेमून दिलेले काम आहे.

८. शिरविहीन स्त्रीमूर्तीकडे मातृदेवता म्हणून पाहिले जाते.

‘इज सीन अ‍ॅज’. इथले ‘सीन’ डोळ्याचे नाही, मताचे आहे. मातीची लंबगोल पेटी, तिच्यात एक स्त्रीमूर्ती, झाकणावर दुसरी शिर नसलेली मूर्ती आणि एक बैल. पोटाला असलेल्या छिद्रात काडी घालून ही मूर्ती बैलाच्या पाठीवर बसवता येते. इतके हाताने पडताळता येते. ती मातृदेवता होती, हा अर्थ लावलेला आहे. म्हणून : ‘ही मूर्ती मातृदेवतेची असावी’, किंवा मतांतर दाखवायचे असेल तर ‘अभ्यासक तिला मातृदेवता समजतात’. ‘म्हणून पाहिले जाते’ आणि त्याचा सख्खा भाऊ ‘म्हणून ओळखले जाते’ हे दोन्ही वर्तमानपत्री मराठीत इतके झिजले आहेत, की त्यांच्यामागे कोणी पाहतो वा ओळखतो असे वाचकाला वाटेनासे झाले आहे.

‘शिरविहीन’ऐवजी ‘शिर नसलेली’. शिर नंतर तुटले की मुळातच घडवले नव्हते, हा प्रश्न साधा शब्द मोकळा ठेवतो.

९. उत्तर जोर्वे काळात राहणीमानाचा ऱ्हास जाणवला जातो.

‘इज फेल्ट’. ‘जाणवणे’ अकर्मक आहे, त्याचे कर्मणी होतच नाही. ‘जाणवतो’. ‘वाटले जाते’, ‘भासले जाते’ हीही याच जातीची चूक.

‘जाणवतो’ने व्याकरण सुटले, अर्थ सुटला नाही. ऱ्हास कशावरून? इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चौकोनी घरे मागे पडून लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडे होत गेले, हे त्याचे कारण ढवळीकरांनी मांडले. झोपड्या ‘लागल्या’ आहेत, ऱ्हास ‘दिसून येतो’, कोरडे हवामान ‘असावे’. तीन विधाने, तीन पायऱ्या. एका ‘जाणवला जातो’ने तिन्ही एकाच पातळीवर आली होती.

१०. इसवी सनापूर्वी ७०० नंतर इथे वस्ती पाहिली गेली नाही.

‘वॉज नॉट सीन’. नकारात हा प्रश्न सर्वांत नाजूक होतो. ‘वस्ती दिसत नाही’ म्हटले तर ती वस्तीविषयीची माहिती वाटते, जणू नजर टाकून खात्री केली. ‘वस्ती नव्हती’ हे तर त्याहून धाडसाचे, कारण ते थेट भूतकाळाविषयी बोलते. ‘वस्ती सापडली नाही’ हे आपल्या शोधाविषयी बोलते, आणि शोध खणलेल्या खड्ड्यांपुरताच असतो. ‘आढळली नाही’ दोन्हींच्या मध्ये आहे.

अशा जागी मराठी बोलणारा ‘मागमूस लागत नाही’ म्हणतो. त्यातला ‘लागणे’ दुसऱ्या पंक्तीतलाच आहे. मात्र ‘मागमूस’मध्ये ठाम नकाराची छटा येते, म्हणून अहवालात तो टाळावा. मी लिहीन : ‘इसवी सनापूर्वी ७०० नंतरच्या वस्तीचा पुरावा या उत्खननात मिळाला नाही.’ यातला ‘या’ कोणी वगळू नये. टेकाडाचा काही भाग न खणता राहिला असेल, तर त्याच्याविषयी हे वाक्य काहीही म्हणत नाही, आणि म्हणता कामाही नये.